कारणाच्या रकान्यात वाळू

कोल्हापूर, ११ फेब्रुवारी २००८

आप्पा,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. इतके दिवस गप्प राहिले, हे चुकलंच. पण खरं सांगायचं तर तुम्ही होता तेव्हाही आपण दोघं फारसं बोलत नव्हतो, त्यामुळे हा नऊ वर्षांचा अबोला मला वेगळा असा जाणवला नाही. माझ्या रोजच्या वहीत तुम्ही क्वचित येता, आणि येता तेव्हा बहुतेक तक्रारच असते. आजही तसंच होणार आहे, आधीच सांगून ठेवते.

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधली माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे. तिच्या जोडीला गेली दोन वर्षं मी आणखी एक काम करते, आवडीनं, कुणी न सांगता. लिनक्स म्हणून एक व्यवस्था आहे, कॉम्प्युटर चालवणारी, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. तिच्यावर चालणारे प्रोग्राम पॅकेज करून पाठवतात. कुणीतरी सगळ्या फाईली नीट एकत्र बांधतो, मग ते गाठोडं लोकांपर्यंत जातं. जाण्याआधी ते तपासणारा एक प्रोग्राम आहे. तुम्ही जे करायचा तेच तो करतो. पॅकेज पुढ्यात ठेवलं की आत काय काय आहे ते बघतो आणि एकेक ओळीचा शेरा मारतो. शेरा इतका तुटक की ज्यानं लिहिला त्यालाच कळावा. म्हणून प्रत्येक शेऱ्याखाली खुलासा असायला हवा, की हे का खटकलं आणि बांधणाऱ्यानं आता काय करावं. कित्येक शेऱ्यांखाली तो नव्हताच, किंवा होता तो शेऱ्याइतकाच मुका होता. ते खुलासे लिहायचं काम मी मागून घेतलं. घेतलं तेव्हा डोळ्यांसमोर तुम्ही होता, आणि ते काही मायेनं नव्हे. मला तुमच्या उलट वागून दाखवायचं होतं.

शिरोलीच्या त्या फाउंड्रीत तुम्ही तपासणीला होता. ओतून गार झालेलं कास्टिंग साखळीला टांगून हातोडीनं ठोकायचं, मान कलती करून आवाज ऐकायचा, मग पास असेल तर पिवळा ठिपका, नाहीतर लाल फुली. फुलीबरोबर एक शब्द नाही. माझ्या शाळेच्या गणिताच्या वहीवरही तुम्ही अशीच फुली मारायचा. कुठं चुकलं असं विचारलं की म्हणायचा, "डोळं हाईत न्हवं तुला? बघ की." मी बघत बसायचे. कधी सापडायचं, कधी नाही. न सापडलेल्या चुका मला अजून आठवतात असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण त्या फुलीकडे बघत बसणं आठवतं.

चौऱ्याण्णव साली मालकांनी ऑफिसात कॉम्प्युटर आणला आणि तुम्ही शब्द टाकून मला तिथं लावलंत. माझं काम, तुमचं रिजेक्शनचं रजिस्टर रोज कॉम्प्युटरवर चढवायचं. तारीख, कास्टिंगचा नंबर, आणि शेवटचा रकाना 'कारण'. रजिस्टरमध्ये त्या रकान्यात तुम्ही वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढलेली असायची. कॉम्प्युटरला ती रेघ चालत नव्हती. रकाना रिकामा सोडला की तो टूंक असा आवाज करायचा आणि तिथंच अडून बसायचा. कारणांना आकडे दिलेले होते. एक म्हणजे वाळू, दोन म्हणजे धातू, तीन म्हणजे साचा, असे सहा. पहिल्याच दिवशी मी शेडमध्ये येऊन तुम्हाला विचारलं, कारण काय घालू? भट्टीच्या आवाजात तुम्ही ओरडलात, "मी लिवलंय तेवढंच लिव!" आजूबाजूचे चार जण हसले. मी परत जाऊन खुर्चीत बसले. तुम्ही तर काही लिहिलंच नव्हतं. मग मी एक दाबला. पुढच्या ओळीलाही एक. दुपारपर्यंत बोटाला सवय झाली होती.

मी नेटकी मुलगी होते, आप्पा. नंबर दोनदा ताडून बघायचे, तारीख चुकली तर अख्खं पान पुन्हा करायचे. तेवढ्याच नेटकेपणानं रोज एक खोटी गोष्ट भरत होते आणि ती खोटी आहे हे मनाला शिवलंही नाही. मला वाटायचं, रकाना भरायचा म्हणून भरायचा, तो वाचतंय कोण?

मालकांनी वाचला. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी छापील रिपोर्ट मागवला, आणि त्यात पानंच्या पानं एकच शब्द होता. साच्यांची वाळू तयार करायला एकच माणूस होता, मुरगूडहून पहाटेच्या एसटीनं येणारा, तुमच्याच वयाचा. आठवड्याभरात त्याला घरी बसवलं.

त्यानंतरच्या रविवारी तो आपल्या घरी आला. ती सकाळ माझ्यासमोर जशीच्या तशी आहे. आई भाकरी थापते आहे, मी ओट्याशी कोथिंबीर निवडते आहे, तुम्ही पाटावर बसून दाढीचं सामान पुसून ठेवताय. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीच टेकतो, आत या म्हटलं तरी येत नाही. आई कप पुढे करते.

"च्या घ्या भाऊ, निवंल."

"घेतो की वैनी." कप तो हातातच धरून ठेवतो. "आप्पा, माझी वाळू खराब हाय म्हणून कागदावर आलंय. तुमी लिवलासा व्हय?"

"मी न्हाय लिवलं."

"मग कुणी लिवलं? त्या डब्यानं? त्याला वाळू कशाशी खात्यात ठावं हाय व्हय?" तो स्वतःच हसतो, आई पण थोडं हसते. मग तो उजवी मूठ आवळून पुढे धरतो. "अशी मुठीत दाबायची. सोडली की बोटं उमटली पायजेत आन् मधी मोडली तर नीट मोडली पायजे. सतरा वर्सं रोज सकाळी बघतोय. वाळूचं न्हाय ह्ये आप्पा. तुमी सांगा, कशाचं हाय?"

तुम्ही वस्तरा पुसून पेटीत ठेवलात. मग म्हणालात, "फोडून बघितल्याबिगर कसं कळंल? मला आवाज बद्द येतोय, यवढंच कळतंय. फोडाय मालक देत न्हाईत."

"मग ह्येच जाऊन सांगा की मालकास्नी! कारण ठावं न्हाय म्हणून सांगा. माझी नोकरी ऱ्हाईल तेवढ्यावर."

"बोलतो उद्या," तुम्ही म्हणालात.

तो उठला. चहा त्यानं एका घोटात संपवला, कप उंबऱ्यावर पालथा घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "शिका बाई, लई शिका. आमच्यासारकं ऱ्हाऊ नगासा." त्याला काहीच माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी तो टोमणा तरी समजले असते.

तुम्ही मालकांशी बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, कधीच नाही. वाळूला नवीन माणूस आला आणि तुमच्या लाल फुल्या तेवढ्याच राहिल्या. पुढे कुणीतरी बाहेरचा जाणकार येऊन चार कास्टिंग फोडून गेला, तेव्हा कळलं की धातू ओतायच्या आधीच गार होत होता. ऑफिसात मोठी चर्चा झाली, भट्टीजवळचं काम बदललं. मुरगूडला निरोप पाठवायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. आलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा मी दुसऱ्या कामाला लागले.

इतकी वर्षं मी याचा दोष तुमच्यावर ठेवत आले. चौदा वर्षं मनातल्या मनात तुमच्यावर खटला चालवला. जो माणूस लेकीच्या वहीवर बेधडक फुली मारतो, त्याला मालकासमोर "मला कारण माहीत नाही" एवढे चार शब्द बोलता आले नाहीत. शेडमध्ये सगळे तुम्हाला मानायचे ते तुमच्या कानासाठी. कारण तुम्हालाही कळत नाही हे बाहेर पडलं असतं तर तो मान थोडा उतरला असता, आणि तुम्ही तो उतरू दिला नाहीत. एका माणसाच्या भाकरीपेक्षा तो मोठा होता का? असे प्रश्न मी तुम्हाला विचारले ते तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा, तेही मनातच, आणि उत्तर न देण्याची तुमची सवय जुनीच.

आता हे आजच का लिहिते आहे ते सांगते. त्या तपासणी-प्रोग्रामाचा एक शेरा आहे, पॅकेजमध्ये रिकामा फोल्डर सापडला की तो उठतो. त्याच्याखाली खुलासा नव्हता. तो शेरा कुणी आणि का घातला हे मी शोधलं, एका संध्याकाळी जेवढं जमलं तेवढं, पण सापडलं नाही. विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण दोन वर्षांत इतके खुलासे लिहिल्यावर मला माहीत नाही म्हणायला जड गेलं. मी सरळ लिहून टाकलं: रिकामा फोल्डर चुकून राहिलेला असतो, तो काढून टाकावा. वाक्य छान झालं होतं. सगळ्यांनी मान्य केलं.

गेल्या गुरुवारी एका बांधणाऱ्याचं पत्र आलं, आमच्या सगळ्यांच्या ईमेलच्या यादीवर. त्यानं माझं ऐकून आपल्या पॅकेजमधून रिकामा फोल्डर काढला. तो मुद्दामच रिकामा ठेवलेला होता. पॅकेजमधला प्रोग्राम सुरू झाल्यावर आपल्या नोंदी तिथं लिहीत असे. फोल्डर नाही म्हटल्यावर तो प्रोग्राम लोकांकडे सुरूच होईना, आणि लोकांनी त्या बांधणाऱ्याला भरपूर शिव्या घातल्या. त्याचं पत्र मात्र साधं, सभ्य होतं. पॅकेज बांधण्याचं काम आता दुसऱ्या कुणाला तरी द्यावं, आपल्याला ते झेपत नाही, असं त्यानं शेवटी लिहिलंय. खाली दोघा-तिघांनी उत्तरं दिली. तुझी चूक नाही, तपासणीचा प्रोग्रामच भलतं सांगतो, असं. त्या सगळ्या उत्तरांत खुलासा लिहिणारीचा विषय कुणी काढलेला नाही. आज सोमवार. चार दिवस मी ती पत्रं रोज उघडते, वाचते आणि बंद करते.

त्या रविवारी तो गेल्यावर आई कप विसळायला मागे गेली, तेव्हा तुम्ही मला हळूच विचारलं होतं, "वाळू कुणी लिवलं गं?" मी कोथिंबिरीवरून मान न उचलता म्हणाले, "कॉम्प्युटरनं. ते आपोआप येतं." तुम्ही उठून दाढीचं सामान फळीवर ठेवलंत. तुम्हाला ते खरं वाटलं, की खोटं आहे हे कळूनही तुम्ही मला सोडलंत, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. सोडलं असेल तर मालकांकडे न जाण्याचं खरं कारण मी असेन. तुम्ही तिथं गेला असता तर पुढचा प्रश्न आकडा कुणी दाबला हाच होता. हे मी लिहिते आहे आणि मला ते अजिबात नको आहे. तुमच्यावर रागावणं मला इतकी वर्षं बरं पडत होतं.

वाळू मी लिहिलं, आप्पा. आपोआप काही आलं नव्हतं.

उद्याचं काम: यादीवर त्या माणसाला उत्तर लिहायचं, सगळ्यांना दिसेल असं, की तो खुलासा माझा होता आणि त्यातलं कारण मी मनानं घातलं होतं.