लोट्याची रागीट माणसं

लोटे,
१४ ऑगस्ट २००३

तीर्थरूप बाबा,

मनूचा नमस्कार. हे पत्र आईच्या नावावर नाही, तुमच्या नावावर आहे, तेव्हा तिच्याकडे सरकवू नका. चष्मा लावा आणि तुम्हीच वाचा.

इथे सगळं ठीक. नारळी पौर्णिमेला दमयंतीकाकूंनी नारळीभात केला. वेलची कमी पडली म्हणून आत्मारामकाकांनी तोंड वाकडं केलं आणि दोनदा वाढून घेतला. तुमच्याबरोबर कॉम्प्रेसर हाऊसमध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस, खोडी तुमच्याच. मी त्यांच्या मागच्या खोलीत राहते, सकाळी सर्व्हेला निघते. पाऊस चालूच, कपडे वाळत नाहीत. कंपनीच्या बसेस अजून तुमच्याच नाक्यावर थांबतात.

शिमग्याच्या आधी पालीच्या बाजारात कोणीतरी तुम्हाला म्हणालं ना, की मुलगी पाद्र्याच्या हाताखाली पीएच.डी. करते, आता नाव बदलूनच येईल? येणार नाही. फादर तुस्कानो वसईचे, केळीच्या बागायतीतले. बोलतात तुमच्याइतकंच मराठी आणि मासे खातात तुमच्यापेक्षा जास्त. मला त्यांनी आजवर एकदाही चर्चमध्ये बोलावलेलं नाही. माझे तक्ते मात्र परत केले.

ते तक्ते तुम्हाला आवडले असते. कारखाने आल्यावर इथल्या कामगारांची घरं किती सुधारली ते त्यात होतं: पगार, पक्कं घर, नळ, मुलांचं शिक्षण. आपलंही घर होतं, सर्वांत वरच्या गटात. पूर्ण विकसित. मला केवढा अभिमान वाटला होता. फादरांनी सगळं वाचलं, कागद पालथे ठेवले आणि म्हणाले, "मनस्विनी, हे घरांचं झालं. माणसं कुठे आहेत?"

मी चिडले. शेवटी तुमचीच मुलगी. तुमचा धर्म माझ्या प्रबंधात कशाला, असं तोंडावर विचारलं. ते हसले. म्हणाले, आमच्या चर्चने या विषयावर बराच विचार केलाय, त्यातलं थोडं ऐकून तर घे. विकास व्हायचा तर प्रत्येक माणसाचा आणि अख्ख्या माणसाचा व्हायला हवा. काम माणसासाठी असतं, माणूस कामासाठी नसतो. आणि माणूस एकट्याने कधी पुरा होत नाही, दुसऱ्यांशी असलेल्या नात्यात होतो. "तू यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. यातून एखादा प्रश्न सुचतो का बघ. सुचला तर तो तुझा. आणि उत्तर माझ्या सोयीचं लिहू नकोस."

बरेच दिवस काही सुचलं नाही. मग प्रश्नावलीच्या शेवटी एक ओळ वाढवली: घरात तुमच्याशी कोण बोलतं, आणि कशाबद्दल?

बाबा, त्या ओळीने माझं काम उलटंपालटं करून टाकलं. निवृत्त माणसं गप्प व्हायची आणि उत्तर बायकाच द्यायच्या. "ह्यांच्याशी कोण बोलणार? नाकावर राग." "हाक मारली तरी बघत नाहीत, मुद्दाम करतात." कुठे सून सांगायची, कुठे मुलगा. पक्कं घर, नळ, शिकलेली मुलं आणि पडवीत बसलेला एक रागीट म्हातारा. मीही लिहीत गेले, रागीट, रागीट. मग कधीतरी ध्यानात आलं की यातले बहुतेक कॉम्प्रेसरवर नाहीतर बॉयलरवर होते. पॅकिंगला किंवा ऑफिसात काम केलेले एवढे रागीट निघत नव्हते.

आईच्या गुडघ्याला तेल लावताय ना? तिला म्हणावं, पावसात विहिरीवर जाऊ नको, पंप कशाला घेतलाय? आणि गणपतीच्या मखराचं यंदा कोण बघतंय? असं इकडचं तिकडचं लिहीत पान संपवीन मी, म्हणून सांगूनच टाकते.

आत्मारामकाकांना ऐकू येत नाही. काकू ते लपवत नाहीत. आधी त्यांच्या हाताला हात लावतात, ते वळले की मग बोलतात, आणि दोघांच्या दिवसभर गप्पा चाललेल्या असतात. परवा मी काकांच्या समोर बसले आणि विचारलं, बाबांनाही नाही का येत? ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"चिंतामणीला माज्या आदीपासना येत नाय," ते म्हणाले. "आमी दोगं तितं त्या आवाजात हातांनीच बोलायचो. तुला म्हाईत नाय?"

मग त्यांनी घरात सांगितलं का नाही, मी विचारलं.

"बहिरा म्हटला की कोण बोलाया येत नाय, मनू. रागीट म्हटला तर निदान घाबरत घाबरत तरी येतात."

मी मागच्या खोलीत जाऊन रडले. फोन आला की तुम्ही लगेच "आईशी बोल" म्हणून रिसीव्हर देता. भजनाला जाणं सोडलंत, कारण म्हणे त्या लोकांना ताल नाही. आई तुम्हाला हेकट म्हणते, मीही म्हणत आले. केवढे एकटे पडला असाल हो तुम्ही, भरल्या घरात. मला फार वाईट वाटतंय आणि थोडा रागही येतोय, की आत्मारामकाकांना कळलं ते आम्हाला का नाही कळू दिलंत.

प्रबंधात आता या माणसांवर एक नवं प्रकरण आहे. नाव कुणाचंच नाही. फादरांनी वाचून एवढंच विचारलं की कान तपासल्याशिवाय हे मांडणार कसं? बरोबर आहे. रत्नागिरीच्या एका कानाच्या डॉक्टरांशी बोलले आहे, गणपती झाले की ते इथे येऊन सगळ्यांना तपासतील. तुम्ही मात्र त्याआधी माझ्याबरोबर चला. प्रबंधासाठी नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे म्हणून. यंत्र कानात घालायचं नसेल तर नका घालू, मी समोर बसून बोलेन. पण चला.

आणि एक राहिलंच. शिमग्याला मी निघाले तेव्हा तुम्ही पाठमोरे बसून कलमांना आळी करत होतात. मी मागे उभी राहून तुम्हाला काही विचारलं. तुम्ही वळला नाहीत. मला वाटलं, पाद्र्यावरून राग आहे. तशीच जाऊन एस.टी.त बसले, आणि तेव्हापासून आपण एकमेकांशी धड बोललेलो नाही.

आता लिहून विचारते. मी म्हणाले होते, "बाबा, प्रबंधाच्या पहिल्या पानावर तुमचं नाव घालणार आहे. चालेल ना?"

उत्तराची वाट बघत अजून तुमच्या मागेच उभी असलेली,
तुमची मनू