कप्तानला दिलेला शब्द

८ फेब्रुवारी, रविवार

वाशीकडं जाऊन आलो. आठ गाड्या. पुढं नसीमआपांची स्कूटी, काटा चाळीसच्या वर नाही, मागं आमच्या बुलेटी गुमान. रस्त्यावरची लोकं हसतात. हसू द्या.

ग्रुपात एसटीतला एक कंडक्टर नवा आलाय, म्हणून निघायच्या आधी आपांनी नियम परत म्हणून दाखवले. लेकराला काय झालं ते विचारायचं नाही. फोटो नाही. नाव कुठं घ्यायचं नाही, लिहायचं नाही. एकट्यानं भेटायचं नाही. ज्यानं केलं त्याच्या अंगाला बोट लावायचं नाही, त्याच्याशी बोलायचंही नाही. "आपलं काम येवढंच. कोर्टात जाता-येता लेकराला वाटलं पायजे, आपल्यामागं मानसं हायत." आपा तीस वर्षं सरकारी नर्स होत्या. त्या बोलल्या की मान आपोआप हलते.

म्हणून पोरीचं नाव इथंही लिहीत नाही. ग्रुपातलं नाव तिनं स्वतःच घेतलंय, कप्तान. अकरा वर्षांची. शिकवणीच्या मास्तरानं... असो. तो जामिनावर बाहेर आहे. अठराला तिची साक्ष.

तिच्या सायकलीची चेन बसवून दिली. आई अन् आपा बाजूलाच होत्या. कप्तान ब्रेक दाबत बसली होती, मधीच म्हणली, "काका, तो दिसला की माझा आवाजच जातो. तुमी रुंद हाव. गेटापाशी तुमी मधी उभं ऱ्हावा, मंजी मला तो दिसनार न्हाय."

म्हणलं, "ऱ्हातो."

"नक्की?"

"नक्की, कप्तान."

येताना तेरखेडा येईपर्यंत छाती फुगून होती. खरं लिहायचं तर, बाकी सात जण असताना तिनं मलाच सांगितलं, याचंच जास्त.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

परंडा. मी, सुरेखा अन् माझा भाऊ. लेकीच्या, प्राजूच्या, लग्नाची तारीख धरायला. साखरपुडा मागंच घरातल्या घरात झालाय. मे महिन्यातली निघाली. घर चांगलं आहे. खता-बियाण्याचं दुकान. पोरगा, निखिल, शांत. प्राजू त्याच्याशी फोनवर बोलताना हसते, हे मी लांबून ऐकलंय.

जेवणं झाल्यावर व्याह्यांनी पत्रिकेचा कच्चा मजकूर हातात दिला. तुमच्याकडची नावं नीट हायत का बघा म्हणले. वाचत वाचत खाली आलो. मुलाचे मामा.

नाव, बापाचं नाव, गाव. जामिनाच्या तारखेला शिपायानं मास्तराचं हेच नाव पुकारलं होतं. मी दाराबाहेरच उभा होतो तेव्हा.

परत वाचलं. व्याही म्हणले, "काय चुकलं का?"

"न्हाई. बरोबर हाय."

बरोबर हाय. हेच बोललो. वर आणखी शिरा वाढला तर तोही खाल्ला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

व्याही येरमाळ्याला गॅरेजात आले. एकटेच. गाडी दाखवायला आलो म्हणले. गाडीत काही नव्हतं. चहा मागवला.

"पाव्हणं, तुमी त्या गाड्यावाल्यांत हाव म्हनं."

"व्हय."

"चांगलं काम हाय. मी न्हाय म्हनत न्हाय. पन त्यो माझा मेव्हणा हाय. खरं का खोटं ते कोर्ट बघंल. तुमी काय साक्षीदार न्हाव. येक दिस न्हाय गेलाव तर काय बिघडतंय? माझी मंडळी लई रडती घरात. सोयरीक झाल्यावर मानसाला दोन्हीकडचं बघावं लागतंय."

धमकी नव्हती. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. हात हातात घेऊन बोलत होते.

म्हणलं, "बघतो."

'बघतो'चा अर्थ मला माहीत आहे. त्यांनाही. जाताना पाठीवर थाप मारून गेले.

सुरेखाला अजून सांगितलं नाही. प्राजूला तर नाहीच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. स्वतःच्या बुलेटच्या क्लच प्लेटा काढल्या. नीट होत्या. काढून पेपरवर मांडून ठेवल्या अन् मग आपांना फोन केला.

"आपा, क्लच प्लेट गेली. उद्या जमायचं न्हाई."

निदान गाडी तरी खरंच चालत नाही, असं मनाला सांगितलं. पंचवीस वर्षं लोकांच्या बंद गाड्या चालू करतोय. चालती गाडी बंद पाडायला आज पहिल्यांदा पाना धरला.

आपा म्हणल्या, "गॅरेजात दुसरी गाडी न्हाय का, दत्ताभाऊ?"

सहा उभ्या होत्या डोळ्यासमोर. "गिऱ्हाइकाच्या हायत."

"मग कुनाच्या मागं बसून या."

"उद्या अर्जंट काम बी हाय एक."

मग, "अच्छा. ठीक हाय."

कप्तानला काय सांगणार ते मी विचारलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वाशीहून धाराशिवला जायचं तर माझ्या दारावरूनच जावं लागतं. हे काल डोक्यात आलं नव्हतं, की आलं होतं अन् मी...

नऊला शटर अर्धं ओढून आत टायरांच्या थप्पीमागं बसलो. साडेनवाला आवाज आला. आधी स्कूटी. मग सहा गाड्या, मधी बोलेरो. पुढं जातील वाटलं. थांबल्या.

दार उघडल्याचा आवाज. कप्तान: "हेच काकांचं गॅरेज हाय ना?"

तिची आई म्हणली, "चल बाई, शटर लावलंय. गावाला गेले आसतील."

"अर्धंच लावलंय."

शटरखालच्या फटीत दोन बारक्या चपला येऊन थांबल्या. वाकली असती तर मी दिसलो असतो. वाकली नाही.

"काका?"

एकदाच. मी श्वास धरून बसलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. टायरांच्या मागं.

चपला गेल्या. गाड्या गेल्या. लई वेळ उठलो नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिवजयंती. सकाळपासून पोरांची रीघ. रॅली आहे, भाऊ जरा आवाज वाढवून द्या, भाऊ हॉर्न बघा. एकजण माझ्यासाठी फेटा घेऊन आला. "तुमी पुढं पायजेत, भाऊ." म्हणलं, अंगात कणकण आहे. रोज एक नवं खोटं.

कालचं आपांनीच फोन करून सांगितलं. गेटाबाहेर चहाच्या टपरीशी तो चौघांना घेऊन उभा होता. आपली माणसं होती, पण मी जिथं उभा राहणार होतो ती जागा कप्तानला मोकळी दिसली अन् त्या मोकळ्या जागेतून तो दिसला. बोलला काही नाही. नुसता हसला. कप्तानला उलटी झाली. आत गेल्यावर तोंडातून अक्षर नाही. जज मॅडमनी पाणी दिलं, जबरदस्ती केली नाही, पुढची तारीख दिली. अकरा मार्च.

"येताना मेल्यागत पडून व्हती आईच्या मांडीवर," आपा म्हणल्या. मग, "गाडी झाली का नीट?"

"व्हय."

झाली होती. तासाभराचं काम.

२१ फेब्रुवारी, शनिवार

राहवलं नाही. धाराशिवला आपांच्या घरी गेलो. आपा मेथी निवडत होत्या. सगळं सांगितलं. पत्रिका, व्याही, क्लच प्लेट, शटर. चपलांचंही. आपांनी मेथी निवडायचं थांबवलं नाही.

म्हणलं, "आपा, मला तिच्याकडं घिऊन चला. पाय धरून माफी मागतो."

तेव्हा मान वर केली. "कशाला? तुला हलकं वाटावं म्हनून?"

तीन वर्षांत पहिल्यांदा आपांनी मला अरे-तुरे केलं.

"अकरा वर्साचं लेकरू हाय ते. तू रडशील, मग तेच तुझी समजूत काढत बसंल. तिच्या डोक्यावर वझं कमी हाय का आधीच?"

मी खाली पडलेल्या काड्या गोळा करायला लागलो.

"तुझी गाडी बिघडली आसं म्या तिला सांगून बसले. माझ्या तोंडून खोटं गेलं तुझ्यापायी. आता खरं सांगते. तू यायचं का न्हाय ते ती सांगंल. तवर गाडी घरी."

चहा ठेवला. नको म्हणलं तरी दिला. बोलणी खाल्ली त्यापेक्षा तो चहा जड गेला.

२२ फेब्रुवारी, रविवार

दोघींना समोर बसवून घरात सांगितलं.

सुरेखा भडकलीच. "आता सांगताव? दुसऱ्याच्या लेकीपायी आपली लेक घरात बसवायची का?"

हेच वाक्य मनात धरून मी शटर ओढलं होतं.

प्राजू कळंबला मेडिकलवर बसते, रोज शंभर लोकांचं ऐकून घ्यायची सवय आहे तिला. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणली, "बाबा, उद्या मला पोरगी झाली तर ती त्या माणसाच्या मांडीवर द्यायची होती का?"

मी उठायला लागलो तर तिनं हातानं बसवलं.

"आन माझ्या लग्नासाठी केलं म्हणताय, ते म्हणू नका. मला विचारलं होतं का? तुमची जीभ उचलली न्हाई पाव्हण्यांना न्हाई म्हणायला. तुमाला भ्या वाटलं. त्यात माझं नाव घालू नका."

सुरेखा म्हणली, बापाशी असं बोलत्यात का. मी म्हणलं, बोलू दे.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन तिनं निखिलला फोन केला. खाली आली तेव्हा डोळे लाल. "त्याला सगळं माहीत होतं. मामाशी संबंध ठेवू नको म्हणलं, तर विचार करून सांगतो म्हणला." जेवली नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

व्याह्यांचे तीन फोन. चौथा उचलला.

"पाव्हणं, 'बघतो' म्हणलो ते चुकलं माझं. पोरीनं येऊ दिलं तर अकराला मी जानार."

"मंग आमाला बी इचार करावा लागंल."

"करा."

फोन ठेवला. दोन वाक्यं होती. चौदा तारखेला याच गॅरेजात, याच तोंडानं बोलता आली असती. तेव्हा त्या बोलण्याला काही किंमत होती.

१ मार्च, रविवार

आपा अन् कंडक्टर वाशीकडं जाऊन आले. येताना गॅरेजाशी थांबले. आपा स्कूटीवरून उतरल्या नाहीत.

कप्तानला सरळ सांगितलं म्हणे, काकांची गाडी बिघडली नव्हती, काका घाबरले होते.

तिनं एवढंच विचारलं, "शटरच्या आत व्हते?"

"व्हय."

"मला वाटलंच."

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. एकदाच हाक मारून गेली, ते म्हणून.

आपा निघायला लागल्या तेव्हा मागून आली अन् म्हणली, "येऊ द्या त्यांना. पण माझ्याजवळ नको. लई मागं."

गेटापाशी आता कंडक्टर उभा राहणार. तिनंच निवडलाय. माझ्या निम्मासुद्धा नाही अंगानं. तो संकोचून माझ्याकडं बघत होता, जसं काही त्यानंच माझं काही घेतलंय. म्हणलं, "नीट उभा ऱ्हा बाबा." याच्यापुढं काही बोलायचा अधिकार मला नाही.

८ मार्च, रविवार

साखरपुड्याची अंगठी प्राजूच्या बोटात नाही. काढून टाकली की कामाला जाताना काढते, कळत नाही. पत्रिकेची छपाई थांबली आहे. त्यांनी थांबवली की हिनं, तेही कळत नाही. सुरेखा माझ्याशी कामापुरतं बोलते. निखिलचा फोन येतो. प्राजू उचलते, पण हसत नाही.

११ मार्च, बुधवार

कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली बसून लिहितोय.

आठ गाड्या आल्या. मी शेवटी. मधी इतकं अंतर ठेवलं की बोलेरोच्या मागच्या काचेत कोण आहे ते दिसू नये. कप्तान उतरली, केस घट्ट बांधलेले, हातात पाण्याची बाटली. माझ्याकडं बघितलं नाही. बरोबर आहे. कंडक्टर हात मागं बांधून तिच्याबरोबर चालत गेला.

मी सगळ्यांच्या मागं, रस्त्याच्या कडेला. म्हणून ते आले ते माझ्याच बाजूनं आले. तो, त्याचा वकील अन् व्याही. व्याह्यांनी मला बघितलं. सवयीनं तोंडातून गेलं त्यांच्या, "रामराम पाव्हणं."

अन् माझा हात वर गेला.

मी नेला नाही. गेला. छातीपर्यंत. तिथं थांबवला. मास्तरानं तो हात बघितला अन् हसला. तेच हसू असणार, टपरीपाशी पोरीला दिसलेलं. ती तेव्हा आत गेली होती का? दाराशी तिची पाठ दिसत होती. पाठच होती. तसं वाटतंय.

हात खिशात घातला. तोंड उघडलं नाही. जागा सोडली नाही. त्यांना मला वळसा घालून जावं लागलं. येवढंच केलं.

अकराला पुकारा झाला. आता बारा वीस. दार बंद आहे. आतलं काही ऐकू येत नाही. आपा पायरीवर बसून तसबीहचे मणी ओढतायत. कंडक्टरनं दोनदा येऊन विचारलं, एवढा वेळ लागतो का.

मागच्या वेळी तिला दहा मिनिटांत बाहेर आणलं होतं.