गल्लीतला वाकडा पिझ्झा

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितोय. मी मजेत आहे. आमच्या कंपनीच्या दुकानात पिझ्झा साच्यातून काढल्यासारखा असतो, सगळ्या शाखांत एकच चव. मला तो आवडतो आणि रोज मिळतो, म्हणून जेवणाची आबाळ नाही.

तुझा खांदा कसा आहे? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

काल सुट्टी होती, म्हणून गल्लीतल्या आजींच्या छोट्या दुकानात गेलो. त्या स्वतः पीठ मळतात. पिझ्झा वाकडा होता, कडेला करपलेला. कामावरच्या सवयीने मी उभ्यानेच खायला लागलो, तर त्या ओरडल्या, "आधी बस. कोण मागे लागलंय तुझ्या?"

वर्षभरात मला असं कुणी रागावलं नव्हतं, आई. मी बसलो आणि शेवटचा तुकडा कितीतरी वेळ हातातच धरून ठेवला.

तुझाच,
धाकटा