वहीचं पहिलं पान

चुडावा, ९ जानेवारी २०२५

चि. वैष्णवीस,
रीत म्हणून आशीर्वाद.

तुझा फोन उचलणार नाही, म्हणून हे पत्र. लेकरांची डॉक्टर झालीस. स्टेशनाजवळ दवाखान्याची खोली रंगवून ठेवली, तर तू आणखी तीन वर्षं संशोधन शिकणार! बहीण कधी यायलीय म्हणून लोक विचारतात. उंदीर तपासायलीय म्हणून सांगू?

दिवाळीत तुझी वही वाचली. पानोपानी लेकराचं नाव अन् खाली ‘माहीत नाही’. पहिलंच पान माझ्या रेणुकाचं. चार वर्षांची लेक तुझ्या वॉर्डात दोन दिवसांत गेली, अन् तू ‘माहीत नाही’ लिहून मोकळी झालीस. लाज वाटायला पाहिजे होती. दवाखाना उघडणार नसशील तर या घरात पाऊल टाकू नकोस.

तुझी वहिनी बबिता आठवण काढते. मी नाही.
बजरंग


छत्रपती संभाजीनगर, १६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उंदीर नाहीत रे. आमच्या मॅडम संशोधन शिकवताना आधी ती वहीच हातात देतात. जे लेकरू कळलं नाही, त्याचं पान भलत्याच आजाराचं नाव घालून मिटवायचं नाही. विचारत राहायचं. रेणुकाच्या कागदावर मोठ्या डॉक्टरांनी मेंदूज्वर लिहिला. तपासणीत त्याची खूण नव्हती, म्हणून मी भांडले.

गेल्या महिन्यात, डिसेंबरात, तशीच दोन लेकरं आली. पहाटे उलट्या, दुपारी बेशुद्ध. एक गेलं. आजारी पडायच्या आदल्या दिवशी रेणुकानं काय खाल्लं, हे तुला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तू उठून गेलास. मलाही तुझा राग आहे, दादा, आणि तो लहान नाही.

लोभ राहू दे, उत्तर पाठव.
वैष्णवी


चुडावा, २३ जानेवारी

चि. वैष्णवीस,

लिहून घे. आदल्या दिवशी ती माझ्यासंगं शेळ्यांमागं होती. भातुकली मांडली होती. बांधावरच्या पिवळ्या फुलांच्या झाडाच्या शेंगा मागितल्या, त्या मीच सोलून दिल्या. खोटंखोटं जेवायलीय असं वाटलं. शेळ्या त्या झाडाला तोंड लावत नाहीत. शेळी खात नाही ते माणसानं खाऊ नये, हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

बबिताला सांगितलेलं नाही. तू विचारलंस की तोंडाशी यायचं, म्हणून उठायचो.

शेंगा सोबत बांधल्यात. हात धुऊन घे. खोलीला कुलूप लावलंय, त्याचा राग आहेच.

त्या पानावरचं ‘माहीत नाही’ खोड. खाली लिही, बापाला माहीत होतं.

बजरंग