ओंजळीतून सोडलेले पाणी

गुरुजी,

आज सकाळी आमच्या सरपंचबाई माझ्या ओसरीवर आल्या होत्या. तळ्याखालची सरकारी पडीत जमीन पुन्हा धानाखाली आणण्याची योजना गावाला मिळाली आहे. ज्या घरांची चूल निराधारांच्या अनुदानावर पेटते, त्यांना तिथे शासनाच्या खर्चाने काम मिळेल, आणि त्यांनी अनुदान सोडावे अशी अट आहे. बाईंना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. "आजोबा, मागं मोठ्या गुरुजींनं देवळात संकल्प करवले होते म्हणतेत. तसंच तुमी करवा ना. सही करून लोकं फिरतेत, पाणी सोडलं का फिरत नाहीत." मुलगी भली आहे आणि तिचे म्हणणे खरेही आहे. तुम्ही घालून दिलेली रीत चाळीस वर्षांनी तुमची कीर्ती म्हणून माझ्या दारात उभी राहिली. दुपारच्या सभेला येतो, एवढेच मी म्हणालो.

तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. देवळाच्या मंडपात तालुक्याहून आलेले साहेब खुर्चीवर बसले आहेत आणि तुम्ही उभे राहून बोलत आहात. आयते अन्न मनुष्याचे तेज हरण करते, श्रमाने मिळालेले अन्न हा यज्ञाचा प्रसाद असतो, असे तुम्ही सांगता आणि माझे डोळे भरून येतात. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा, तुमच्याकडे संस्कृत शिकलेला, तुमच्या सावलीत उभे राहण्यातच धन्यता मानणारा. तांब्या माझ्या हातात आहे. एकेकाच्या ओंजळीत मी पाणी घालतो, शब्द सांगतो, आणि तो माणूस 'आजपासून अनुदान घेणार नाही' म्हणून ते पाणी ताम्हणात सोडतो. मग ती पुढे येते. नवरा गेलेली, पदरी दोन लेकरे, जंगलात मोहफुले वेचणारी. तिचा देव गावाबाहेर ऐनाच्या झाडाखाली. ती हात मागे घेऊन तुम्हाला विचारते, "गुरुजी, हा माहा देव नोहोय. माहं पाणी याले चालते का?" तुम्ही हसून म्हणता, "बाई, पाण्याला कुळ नसते." "मंग सोडतो," ती म्हणते, "पण पाहा हो, मी एकडाव सोडलो त सोडलो." मंडपात सगळे हसतात. मीही हसतो.

त्या वर्षीचे काम पाहायला तुम्ही रोज येत असा, हे खोटे म्हणणार नाही. बेशरमाची झुडपे उपटून निघाली, शेतांच्या कडेचे धुरे बांधले गेले, त्यांच्या आतल्या बांध्यांत पाणी ठरले. धान रोवण्याच्या दिवसांत ती ओळीच्या टोकाला असे आणि मी पोथी काखेत घेऊन धुऱ्यावरून निघालो की ओरडे, "महाराज, चिखलात उतरा जी! वरून पाहून धान पिकत नाही." तिच्या ओळीतल्या बाया खिदळत. मार्गशीर्षात धान चुरून, कांडून झाल्यावर तिने पहिले सूपभर तांदूळ तुमच्या दारी आणून ठेवले आणि आत न येताच गेली. मागून घेण्याखेरीज ज्यांना काही ठाऊक नव्हते, त्यांच्या पाठीत त्या एका हंगामात ताठपणा आला होता, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणूनच पुढचे सहन होत नाही.

दुसऱ्या वर्षी मृग लागला, पऱ्ह्यांसाठी, धानाची रोपे टाकायला, जागा नांगरून तयार होती, पण मंजुरी आली नाही. मग निधी दुसरीकडे गेल्याचे कळले. कचेरीतला कारकून मात्र माणुसकीचा निघाला. गावात येऊन म्हणाला, ज्यांना अनुदान पुन्हा सुरू करायचे आहे त्यांनी अंगठा लावावा, कोणी काही विचारणार नाही. लोक खाली मान घालून गेले. एक म्हातारा तर म्हणाला, "पाणी त वाहून गेलं, बाबू. पोट जागच्या जागी हाये." ती गेली नाही. कारकून तिच्या अंगणात गेला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "मी पाणी सोडलो हावो." शासनाने तिला मोकळे केले होते, गुरुजी. तिला आपण बांधून ठेवले होते.

मी तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसलो. तुम्ही जेवत होता, गुरुपत्नी ताक वाढत होत्या. मी म्हणालो, संकल्पातून मुक्त करण्याचा विधी शास्त्रात आहे. तुम्ही एक शब्द बोललात तर ती लेकरांसाठी तरी अंगठा लावील. तुम्ही ताक भातात कालवलेत. नंतर म्हणालात, "काम एकाच हंगामाचे आहे, हे साहेबांनी मला सभेआधीच सांगितले होते. आता तिला सोडवायचे तर हे चारचौघांत सांगावे लागेल. मग या देवळात माझा शब्द कोण ऐकेल?" गुरुपत्नींनी ताकाचे भांडे तिथेच ठेवले आणि त्या आत निघून गेल्या. ज्या मुखातून मी सत्याची व्याख्या शिकलो, त्याच मुखाने ते वाक्य उच्चारले. आयुष्यभर पोथ्या चाळल्या, पण त्या वाक्यावर भाष्य मला कुठेही सापडले नाही. पुढच्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडताना ती जंगलातच कोसळली. लोक म्हणाले, ऊन लागले. तुम्हीही तसेच म्हणालात. लेकरांना तिची बहीण देवरीकडच्या आपल्या गावी घेऊन गेली.

आजच्या सभेत मी तांब्या नेला नाही. साहेब तरुण होते, मी उभा राहिलो तसे तेही आदराने उठले. मी विचारले, "या कामाला मंजुरी किती वर्षांची आहे?" त्यांनी कागद पाहिला आणि खरे ते सांगितले, "सध्या यंदाचीच आहे, आजोबा. पुढचं पुढच्या बजेटात." मागून एक म्हातारी ओरडली, "मंग आमचं अनुदान बी यंदापुरतंच बंद करा ना, साहेब!" मंडप हसला. सरपंचबाईंनी आधी माझ्याकडे रागाने पाहिले, आणि मग म्हातारीचेच म्हणणे ठरावात लिहून घ्यायला सांगितले. काहींनी सह्या केल्या, काही उठून गेले. पाणी कोणी सोडले नाही.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. मुक्तीचा तो विधी मलाही पाठ होता, आणि तो सांगण्याचा अधिकार तुमच्या एकट्याचा नव्हता. पण तुमच्यामागे देवळात पुराण सांगण्याची बैठक मला हवी होती, आणि ती मला मिळाली. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, तेंदूपत्त्याआधी, मी एकदाच तिच्या अंगणात गेलो. ती मोहफुले वाळत घालत होती. तिने मान वर करून विचारले, "काऊन आलेत, महाराज?" मी म्हणालो, "सहज."