माझ्या नावाची मूठ

श्रावण, रविवार संध्याकाळ

...अंगण झाडलं, पाणी भरलं, मग कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू निवडायला बसले. ही परवा सकाळची गोष्ट. हे होते तेव्हा आपल्या नावाच्या पाच मुठी गहू स्वतः दळणाच्या टोपलीत टाकायचे. यांची मूठ मोठी. हे जाऊन चार वर्षं झाली, आमच्या वाट्याची एकही मूठ पडत नाही. मुठी फक्त पुरुषांच्या नावाच्या.

मंगला, माझी मुलगी, धुळ्याहून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन आलीय. कानबाईचा उपास माझ्यापेक्षा कडक धरते. तीच विचारते, "आई, देवी बाई आहे ना? मग तुझी मूठ कुठंय?" मागच्या ग्रामसभेतही उभी राहून म्हणाली, बायका शेवटी उरलंसुरलं जेवतात, म्हणून त्यांच्या अंगात रक्त नाही.

मुठीचा प्रश्न कानावर गेला, तसे परवा संध्याकाळी माझे जेठ, यांचे थोरले भाऊ नाना, ओट्यावर आले.

"सभेमा बोलनी तितलं पुरे. रोटनं तिले काय समजस? तुनी पोरले समजाड."

मी म्हटलं, "बरं, नाना. समजावते पोरीला."

का म्हटलं बरं? राहतो त्यांच्याच घरात. हे गेल्यावर त्यांनीच सांभाळलं. नाना वाईट नाहीत. पण पोर तरी कुठं खोटं बोलते? तिला काहीच सांगितलं नाही. त्या रात्री तिनं माझं ताट आधी वाढलं, मी तिलाही शेजारी जेवायला बसवलं.

काल नानांच्या मुठी टाकून झाल्या, ते टोपली उचलायला वाकले. मी पुढे झाले. पाच मुठी मंगलाच्या नावाच्या टाकल्या, मग पाच माझ्या.