जुना कॅट काचेत जाण्याआधी

प्रिय फिर्मिनदादा,

तुझ्या गुडघ्याची आणि वहिनींच्या खोकल्याची चौकशी पुढे सविस्तर करतोच. पण आधी जुन्या पत्त्यांच्या डावांवर वाढलेल्या आपल्या सगळ्यांची एक तक्रार: आपल्याला आता कुणी विचारत नाही. कॅफेवाल्या गुस्तांने आपल्या आल्युएतच्या डावासाठी प्लास्टिकचे चकचकीत पत्ते आणलेत. आजोबांचा हाताने रंगवलेला कॅट (गाईचं चित्र असलेल्या पानावर तुझ्या वडिलांनी सांडलेल्या वाईनचा डाग अजून आहे) म्हणे काचेत घालून भिंतीवर टांगणार. मी म्हटलं, भिंतीवर मेलेली माणसं टांगतात. शेवटी ठरलं, रविवारी खेळून निकाल लावायचा. आम्ही जिंकलो तर कॅट टेबलावर, हरलो तर काचेत.

तू शहरात लेकीकडे गेल्यापासून माझी भिडू म्हणजे कालवं विकणारी झेली. आपल्या खेळात भिडूला खुणा करायची मुभा, हीच तर त्याची गंमत: वर पाहिलं की हातात साहेब, म्हणजे सगळ्यात मोठं पान, छातीवर हात ठेवला की मॅडम, त्याच्या खालोखाल. शेवटच्या डावापर्यंत बरोबरी होती. तेवढ्यात गुस्तां म्हणाला, "काका, नवे पत्ते पुसता तरी येतात." यावर गप्प बसणारा माणूस मी नाही. पत्ते हातात धरूनच उभा राहिलो. छपाईच्या इतिहासापासून सुरुवात केली, ग्रीकांपर्यंत गेलो (थोडक्यात), वर पाहून पूर्वजांना साद घातली, छातीवर हात ठेवून शपथ घेतली. कोपऱ्यातल्या दोघा म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

खाली बसलो. गुस्तांने गाय टाकली. झेलीच्या हातात काण्याचं पान होतं, ते गाईला सहज मारतं. पण तिने सत्ती फेकली आणि माझ्याकडे बघून निवांत हसली. मी पंजी टाकली. डाव गेला.

"अहो, साहेब होता ना तुमच्याकडे?"

"कुठला साहेब?"

"वर कोण बघत होतं? आणि छातीवर हात काय माझ्या बापाने ठेवला?"

"ते पूर्वजांसाठी होतं."

"मग पुढच्या वेळी त्यांनाच भिडू घ्या."

गुस्तां काचेची चौकट घेऊन आलाय. फार विनवण्या केल्यावर येत्या रविवारी चर्चमधल्या मासनंतर एक शेवटची संधी द्यायला कबूल झाला. माझ्या जागी तू खेळ. मी शेजारी उभा राहून धीर देईन.

तुझा,
एव्हारिस्त

ता. क. : झेलीने हे पत्र वाचलं. ती म्हणते, शेजारीसुद्धा नको. मी दाराबाहेर, हात खिशात, मान खाली.

ता. क. : गुडघ्याचं विचारायचं राहिलंच. बसच्या पायऱ्या चढण्यापुरता चालत असला तरी भागेल. शनिवारची बस पकड.